मिठात घातलेलं रीळ

मी फिल्मचा एक तुकडा बोलतोय. हातभर लांबीचा. दातिवऱ्याला मंजुळाबाईंच्या अंगणात बोंबील सुकवायची वलांडी आहे, तिच्या बांबूला मला बांधलंय. वलांडी म्हणजे बांबूंची उंच चौकट. तिच्यावर बोंबील तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीनं टांगतात. ते येतात, सुकतात, टोपलीत बसून बाजाराला जातात. मी आपला इथंच. मला घाई नाही. तुम्हालाही नसली तर जरा टेका.

माझ्या कडेला बारकी इंग्रजी अक्षरं छापलेली आहेत. ती मला वाचता येत नाहीत. स्वतःच्या अंगावरचं स्वतःला वाचता येऊ नये, याचं पूर्वी वाईट वाटायचं. आता वाटत नाही.

तेव्हा मी तुकडा नव्हतो, अख्खं रीळ होतो. तारापूरच्या वसाहतीत वामनसाहेब म्हणून इंजिनीयर राहायचे. त्यांच्याकडे चावी भरून चालणारा कॅमेरा होता. सुट्टीच्या दिवशी तो गळ्यात अडकवून साहेब किनारा धरून फिरायचे. दातिवऱ्याला आले की दिनानाथच्या होडीवर बसायचे. दिनानाथ म्हणजे मंजुळाबाईंचे मालक. साहेबांना मासळीतलं काही कळत नव्हतं आणि दिनानाथला कॅमेऱ्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून दोघांचं चांगलं जमलं.

एका नारळी पुनवेला साहेबांनी मला कॅमेऱ्यात घातलं आणि सगळाच्या सगळा दिनानाथवर खर्च केला. पहिल्यांदा तो हसला. मग लाजला. मग त्यानं समुद्राला नारळ दिला, होडीला हळदीकुंकू लावलं. शेवटी जाळं खांद्यावर टाकून वाळूवरून होडीकडे चालत गेला. त्याची चाल जरा वेगळी होती. डावा खांदा उचलून, पाय थोडा बाहेर फेकून चालायचा. वाडीतली माणसं लांबून ओळखायची, "दिनानाथ आला."

साहेबांची बदली झाली, तेव्हा त्यांनी मला धुवून, गुंडाळून दिनानाथच्या हातात दिलं. म्हणाले, "पुढच्या खेपेला मशीन घेऊन येतो. पडद्यावर बघ स्वतःला."

पुढची खेप काही झाली नाही. माणसं निघताना असंच बोलतात. त्यात खोटेपणा नसतो, नुसतं निघणं असतं.

मग मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात राहिलो. दर नारळी पुनवेला मंजुळाबाई डबा काढायच्या, मला उलगडून उन्हासमोर धरायच्या. नखाएवढ्या एकेका चौकटीत नखाएवढा दिनानाथ. दिनानाथ शेजारी बसून म्हणायचा, "बघ, मी कसा हिरो हाय!" आणि त्या म्हणायच्या, "हिरो! नारळ देताना तोंड बघा, जशी दाढ दुखतेय." हे दरवर्षी ठरलेलं.

एका हिवाळ्यात दिनानाथ तापानं गेला. भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो आहे, पण तो कुठल्याशा कागदावरच्या फोटोवरून मोठा केलेला. त्यात तो असा ताठ बसलाय, जसं हवालदारानं धरून आणलंय. मंजुळाबाई त्या फोटोकडे बघत नाहीत. सुनेला, तेजलला, म्हणायच्या, "तो चालायचा कसा ते मला सांगता येत नाय गो. करून दाखवायला गेलं तर गुडघा दुखतो. एकदा पडद्यावर चालताना बघितला ना, की झालं. डोळं हायत तोवर."

डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. एवढीच त्यांची एक इच्छा होती, आणि ती माझ्यात गुंडाळलेली होती.

मागच्या दिवाळीनंतर उन्नती आली. वामनसाहेबांची नात. सडपातळ पोर, केस बारीक कापलेले, बोटांची टोकं काळी पडलेली. ती हातानं फिल्म बनवायची. दुकानात जाऊन नाही, फोनवर नाही. प्लास्टिकच्या टबात कॉफी, धुण्याचा सोडा आणि आंबट गोळ्या कालवून त्यात फिल्म धुवायची. सुईनं फिल्मवर ओरखडे काढायची, शाईचे थेंब टाकायची. तिच्यासारखं करणारी माणसं देशोदेशी आहेत म्हणे, आणि त्यांचं एक मासिकही निघतं. आजोबांच्या जागा शोधत ती किनाऱ्यानं खाली आली होती.

"साहेबांची नात म्हंजे घरचीच," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि मागची अंधारी खोली तिला दिली.

त्या दिवसांत मजा होती, खोटं कशाला बोलू. ओली फिल्म वाळवायला जागा नाही, म्हणून ती वलांडीवर टांगली जायची. एका बांबूवर बोंबील, एका बांबूवर फिल्म. शेजारची लाडकी येता-जाता म्हणायची, "मंजुळे, मांजरं फसतील गो. एखादं मांजर सिनेमा खाऊन मरल."

"मरू दे," मंजुळाबाई म्हणायच्या, "तुझंच हाय, माझ्या ताटातलं पळवतं ते."

उन्नतीही हसायची. मासे कसे अडकवायचे ते शिकली, दोनदा बोट कापून घेतलं. मला ती आवडली होती. ज्या घरात आपण इतकी वर्षं राहिलो, तिथलं मीठ खाणारी पोर आपली वाटतेच.

एके सकाळी मंजुळाबाईंनी बिस्किटाचा डबा तिच्यासमोर ठेवला. "हे तुझ्या आजोबांनी काढलेलं. पडद्यावर दाखव. तो चालताना बघायचाय."

उन्नतीनं मला उन्हात धरलं. एकेक चौकट तिनं सावकाश पुढे सरकवली. आजोबांचा हात तिनं माझ्यात ओळखला असावा. "आजी, मशीनचा दिवा गेलाय. नवा मागवते. तो आला की नक्की दाखवते."

त्याच दिवशी दुपारी ती अंगणाच्या कडेला फोनवर बोलत होती. अनुज म्हणून तिचा मित्र, तोही फिल्मवालाच. फोन तिनं मोठ्या आवाजात ठेवला होता, हात कामात होते म्हणून.

"पुरायच्या आधी स्कॅन करून घे," अनुज म्हणाला. "बोईसरला नाही झालं तर मुंबईला पाठव. आठ दिवसांचं काम."

"मग त्यात जोखीम काय राहिली? घरात प्रत ठेवायची आणि मातीवर विश्वास टाकला म्हणायचं?"

"तुझी वस्तू असती तर ठीक."

"माझ्या आजोबांनी काढलंय ते," उन्नती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मला तोवर कळलं नव्हतं. संध्याकाळी कळलं. ती मंजुळाबाईंच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आजी, हे रीळ मी महिनाभर खाजणात पुरणार आहे. खाऱ्या चिखलात. खारं पाणी त्याच्यावर काम करतं. मग तुम्हाला दाखवते."

मंजुळाबाई सुरमईला मीठ चोळत होत्या. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"मिठात घालतेस? बरं केलंस पोरी. आमाला सुचलंच नाय कधी. डब्यात आंबूस वास यायला लागला होता त्याला. मिठात घातलं की माल टिकतो. नीट पूर हां, मीठ कमी पडू देऊ नको."

बघा, आयुष्यभर त्यांनी मिठावर भरवसा ठेवला होता. समुद्रातलं जे जे टिकवलं ते मिठानं टिकवलं. मीठ कुणाला खाऊनही टाकतं, हे त्यांना कोण सांगणार? उन्नतीला माहीत होतं. खारा चिखल फिल्मवरचा रंग फुगवतो, सोलतो, चित्र विरघळवतो. तिला तेच हवं होतं.

ती मंजुळाबाईंकडे बघत राहिली. तिचं तोंड उघडलं होतं, एवढं मी पाहिलं. आता सांगेल, मला वाटलं. मग तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "हं."

एवढंच. त्या "हं"वर मी पुरला गेलो.

चिखलातलं फार सांगत नाही. आधी थंड वाटलं. मग भरतीचं पाणी कडेनं आत शिरलं आणि माझ्या बाहेरच्या वेढ्यांना खाज सुटली. बाहेरच्या वेढ्यांत दिनानाथचं हसणं होतं. ते पहिलं गेलं. मग लाजणं. मग नारळ, होडी, हळदीकुंकू. एकेक वेढा सुटत होता आणि मला वाटत होतं, कुणी घर आवरतंय, पण भांडीकुंडी बाहेर न नेता जागच्या जागी पुसून टाकतंय. अगदी आतले, गाभ्याजवळचे वेढे घट्ट होते. तिथं पाणी पोचलं नाही.

मला वर काढून धुतलं तेव्हा उन्नती आनंदानं ओरडली. निळे, तांबडे, पिवळे फोड, शेवाळासारख्या रेषा. "काय झालंय हे! काय सुंदर झालंय!" ती वलांडीखाली नाचली. मग जुळवाजुळव करायला बसली. शेवटचा हातभर भाग हातात आला, त्यात दिनानाथ स्पष्ट चालत होता. जाळं खांद्यावर, डावा खांदा वर.

तिनं तो क्षणभर बघितला. "यावर काही झालंच नाही," ती म्हणाली, कात्रीनं मला कापलं आणि कापलेल्या तुकड्यांच्या पिशवीत टाकलं.

तो तुकडा म्हणजे मी.

मशीनचा नवा दिवा आला आणि शिमग्याच्या थोडं आधी, दिवेलागणीला, अंगणात पडदा लागला. वलांडीच्याच दोन बांबूंना चादर बांधली. मंजुळाबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, केसांत अबोलीचा गजरा होता. सगळ्या वाडीला सांगून आल्या होत्या, "आज आमचे मालक चालत येनार." त्या पुढच्या खुर्चीत बसल्या. माझी पिशवी मशीनच्या टेबलालाच अडकवलेली होती, म्हणून मला सगळं दिसलं.

चादरीवर रंग आले. फुगले, फुटले, वाहिले. उन्नतीचे मुंबईचे दोस्त श्वास रोखून बसले होते. मागून लाडकीचा आवाज आला, "हे तर डिझेल सांडलेलं पानी गो. आमच्या बंदराला फुकट दिसतं." कुणीतरी हसलं.

मंजुळाबाई हसल्या नाहीत. त्या पुढे वाकून बघत होत्या. डोळे पुसत, पुन्हा बघत. दोष आपल्या डोळ्यांचा आहे असं त्यांना वाटत होतं.

अंगणातला दिवा लागला. टाळ्या झाल्या. मंजुळाबाईंनी विचारलं, "तो यायचाय अजून?"

उन्नती त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "आजी, तो आहे त्यात. त्या रंगांतच आहे."

"रंगात मानूस चालल कसा, बाय?"

"तुम्ही हो म्हणाला होतात, आजी."

तेव्हा तेजल उठली. "त्या मीठ राखतं म्हनून हो बोलल्या! तुमाला ठाऊक होतं ना? तवाच तोंड का उघडलं नाय?"

मंजुळाबाईंनीच सुनेचा हात धरून तिला खाली बसवलं. "राहू दे गो. पाव्हणी हाय. मीठ आमचं, चूक बी आमचीच." आणि दुसऱ्या दिवशी निघताना तिला सुक्या बोंबलांची पुडी बांधून दिली. ती घेताना उन्नती रडली. पण घेतली.

पावसाच्या तोंडावर ते मासिक टपालानं आलं. जाड, खरखरीत कागद. तेजलनं मराठीत सांगत सांगत वाचलं. फिल्म कॉफीत कशी धुवायची, चिखलात किती खोल पुरायची, सगळं व्यवस्थित होतं. मधल्या पानावर माझ्या बाहेरच्या वेढ्यांमधली एक चौकट मोठी करून छापली होती. नुसता निळा फोड. खाली लिहिलेलं तेजलनं ओठांतल्या ओठांत मराठीत वाचलं, "एक कोळी. नाव अज्ञात."

तेजलनं हे सासूला सांगितलं नाही. पान उलटलं आणि म्हणाली, "छान छापलंय." मी तिला दोष देत नाही. पण ज्या उन्नतीनं त्या घरात जेवताना रोज त्याचं नाव ऐकलं, तिला ते अज्ञात कसं झालं, हे मला अजून उमगत नाही. चिखलाचं मला काही वाटत नाही. चिखलानं मला काही कबूल केलं नव्हतं.

पिशवी उन्नती इथंच विसरली. पाऊस सरला, वलांडी पुन्हा उभी राहिली आणि कावळ्यांचा त्रास सुरू झाला. सुकत्या मासळीवर ते टपलेले असतात. त्यांना भिववायला जुन्या गाण्यांच्या सीड्या, चकचकीत वेष्टनं बांधतात. मंजुळाबाईंच्या हाताला ती पिशवी लागली. त्यांनी मला बाहेर काढलं, अंगठ्यानं चाचपलं. डोळ्यांपुढे आता नुसतं धुकं आहे त्यांच्या.

"काय चकाकतंय गो हे?"

"असंल फिल्मवालीचं काहीतरी," तेजल भांडी घासता घासता म्हणाली. मान वर केली नाही तिनं.

"बरं हाय कावळ्यांना." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मला बांबूला गाठ मारली.

मी त्यांच्या डोक्यावर फडफडतो. त्या माझ्या सावलीत बसून मासे निवडतात.

काल पितृपक्षातली दिनानाथची तिथ होती. मंजुळाबाईंनी केळीच्या पानावर भात, वडे, त्याच्या आवडीची भोपळ्याची भाजी वाढली आणि पान वलांडीजवळच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, ठेवलं. माडावर एक कावळा आला. मान वाकडी करून बघू लागला. गडग्यावर उतरणार, तेवढ्यात वाऱ्यानं मला वळवलं, ऊन माझ्यावर पडलं आणि मी लखलखलो. कावळा उडाला. पुन्हा आला, पुन्हा उडाला. मी अंग आखडून धरायचा प्रयत्न केला. पण मला कुठली हाडं?

मंजुळाबाई पंखांचा आवाज ऐकत उभ्या होत्या. भात वाळत चालला.

"रागावलास व्हय?" त्या हळूच म्हणाल्या. "तुला परक्या हातात दिला म्हनून? मी मिठात घालायला दिला रे. टिकशील म्हनून."

त्यांच्या डोक्यावर, बांबूला बांधलेल्या माझ्यात, तो चालत होता. खांदा वर करून, पाय बाहेर फेकून.

आज पुन्हा त्यांनी पान वाढलंय. आज तिथ नाही, तरी वाढलंय. त्या गडग्याला हात टेकून उभ्या आहेत, कावळा माडावर आहे आणि वारा सुटू लागलाय. तुम्ही इथं टेकला आहात, तुम्हाला हात आहेत. ही गाठ सोडा. त्यांच्या डोळ्यांना नखाएवढं दिसणार नाही आता, समोर चालणारं माणूस दिसेल, म्हणून मला तेजलकडे न्या, उन्हात धरायला सांगा, आणि तो कसा चालतो ते तिला सासूपुढे चालून दाखवू दे. तिचे गुडघे चांगले आहेत.

पण आधी गाठ सोडा. पान वाढलेलं आहे.