खालच्या रानाची क्षमा

पर्युषणाचा सातवा दिवस. पद्मावती ओसरीवर सुपात मुगाची डाळ निवडत बसली होती, तेवढ्यात जिनदत्त अण्णांची गाडी दारात थांबली. अण्णा तिचे थोरले दीर. गावच्या पाणीपुरवठा संस्थेचे अध्यक्ष, बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, पंचांतले एक, आणि पर्युषणाचे दहाही दिवस एकदाच जेवणारे.

"पाणी देऊ, अण्णा?"

"गाळलेलं हाय न्हवं?"

तिने हंड्यावरचं तीनपदरी फडकं उचलून दाखवलं. अण्णा समाधानाने पाणी प्यायले. त्यांच्या घरी तर गाळून झाल्यावर फडकं उलटं धरून वरून पाणी ओततात आणि त्यातले जीव परत विहिरीत सोडतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाची एवढी काळजी घेणारा माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता. डोळ्यांना दिसणाऱ्यांची गोष्ट वेगळी होती.

"पद्माक्का, बुधवारी रजिस्टर कचेरीत नंबर लावलाय. सही कर, आन रहिमतपूरला लेकीकडं जाऊन सुखानं ऱ्हा. किती दिवस त्या चिखलात जीव घालवणार?"

"लेकीला सासू हाय. तिच्या घरात दुसरी म्हातारी कशाला?"

"आमी काय तुला लुबाडाय लागलोय व्हय? मीठ फुटलेल्या रानाला दुसरा कोण रुपाया देईल, सांग की. घरातली जमीन घरात ऱ्हावी म्हणून घ्यायची. न्हाईतर मला त्या खाऱ्या मातीचं काय लोणचं घालायचंय?"

"मीठ तयारच हाय, अण्णा. कैऱ्या तेवढ्या आणा."

अण्णा हसले. विधवेच्या विनोदाला हसावं, तेवढंच तिला बरं वाटतं, अशा बेताने हसले. गाडीत बसताना म्हणाले, "रविवारी क्षमावाणीला ये. मग बुधवारी जाऊ."

गाडीची धूळ खाली बसेपर्यंत पद्मावतीने डाळीतले चार खडे वेचले.

तिचं रान अडीच एकर. बावीस वर्षांपूर्वी भावांची वाटणी झाली तेव्हा रीतीप्रमाणे थोरल्याने वाटे पाडले आणि धाकट्याने आधी उचलला. धाकटा म्हणजे तिचा नवरा गोमटेश. वाटे पाडणाऱ्याने लबाडी करू नये म्हणून आपल्या लोकांनी ही रीत घातली, आणि ती शहाणपणाचीच आहे. गोमटेशने खालचा वाटा उचलला, कारण तेव्हा तो सोन्याचा होता. पुरुषभर खोल काळी माती. हळद अशी यायची की काढणीला माणसं कमी पडायची. अण्णांच्या वाट्याला वरची अकरा एकर आली. हलकी, मुरमाड, उताराची.

मग गावाने कृष्णेवरून पाणी उचललं. वर ऊस आला. ऊस आला म्हणजे सरी भरून पाणी आलं, सरी फोडून पाणी आलं, मोटर सुरू करून माणूस गावात चहाला गेला तरी पाणी येतच राहिलं. मुरमातून ते खाली झिरपलं आणि खालच्या काळ्या मातीत येऊन बसलं. तिथून त्याला वाट नव्हती. उन्हाने ते वर ओढलं जायचं, उडून जायचं आणि सोबत आणलेलं मीठ मागे ठेवायचं. पहिल्या वर्षी हळद पिवळी पडली. तिसऱ्या वर्षी गहू उगवलाच नाही. पाचव्या वर्षी उन्हाळ्यात रान पांढरं दिसू लागलं, आणि रस्त्याने जाणारा परका माणूस विचारी, "कापूस चांगला आलाय की हो?"

गोमटेशने आठ वर्षं शेणखत घातलं, जिप्सम घातलं, हिरवळीचं पीक गाडलं. अण्णा बांधावर उभे राहून सल्ला देत. "आरं, पाणी उताराकडंच जाणार. त्यात माणसाचा काय दोष? निसर्ग हाय त्यो." नऊ वर्षांपूर्वी गोमटेश गेला, साध्या तापाने. मरताना म्हणाला, "मीच उचलला वाटा." या एका वाक्यासाठी पद्मावतीला कुणालाच माफ करता आलं नाही. नवऱ्यालाही नाही, कारण त्याचा त्यात काहीच अपराध नव्हता.

आता अण्णा इतकं पाणी का सोडत, तर सोडायला काही पडत नव्हतं म्हणून. संस्थेची पाणीपट्टी एकरावर होती. एकर भिजवा की बुडवा, पट्टी तीच. खानावळीत ताटाचा दर ठरला की पोट भरलेला माणूसही भाताचा डोंगर वाढून घेतो. उरलेलं खरकटं कुणाच्या दारात पडतं हे त्याला कुणी विचारत नाही. अण्णांच्या उसाच्या खर्चात बियाणं होतं, खत होतं, मजूर होते. पद्मावतीचं रान त्यात कुठेच नव्हतं. आणि जो खर्च आपल्या हिशेबात येत नाही तो झालाच नाही, असं मानण्यात वरच्या रानवाल्यांची दोन दशकं मोठ्या सुखात गेली होती. एखाद्याने पाण्याला मीटर बसवायचं नाव काढलंच, तर हेच लोक सभेत उठून म्हणत, "पाणी म्हंजे जीवन. जीवनाला मीटर लावता व्हय?"

हे सगळं पद्मावतीला आतून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि दाखवता येणं वेगळं. दाखवायला शिकवलं ते ब्राह्मीने.

ब्राह्मी अण्णांची सून, सम्मेदची बायको. शेजारच्या गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. गेल्या माघात ती एकदा खालच्या रानात आली, मुठीत माती घेऊन बराच वेळ पाहत राहिली आणि दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकचा एक पाइप घेऊन आली. त्याला खालपासून वरपर्यंत भोकं पाडलेली.

"काकू, हा बांधाजवळ पुरुषभर खोल पुरायचा. आतलं पाणी कुठवर आहे ते त्यात दिसेल."

"आन मापायचं कशानं? मला तुझी ती पट्टी वाचता येत न्हाई."

"काठीने मापा. तळाला टेकेपर्यंत सोडायची, ओली किती झाली बघायचं, तिथे दोरा बांधायचा."

पद्मावतीने कळकाची सरळ काठी निवडली. वर उसाला पाणी सुटलं की चौथ्या दिवशी ती काठी पाइपात सोडी आणि ओलाव्याच्या खुणेवर लाल दोरा बांधी. माघ, फाल्गुन, चैत्र. लाल दोरे काठीच्या वरच्या टोकाकडे दाटीने बसले, जणू काठीने मुंडासं बांधलं. मग मे महिन्यात संस्थेचा ट्रान्सफॉर्मर जळला. बावीस दिवस वर थेंब नाही. अण्णा रोज वीजमंडळाला शिव्या घालत होते, आणि पद्मावती रोज पाइपापाशी बसत होती. बाविसाव्या दिवशी तिने पांढरा दोरा बांधला. तो सगळ्या लाल दोऱ्यांच्या खाली, चांगला दीड हात खाली बसला.

"ब्राह्मी, हे काय गं?"

"म्हणजे वरचं पाणी थांबलं की तुमचं रान श्वास घेतं, काकू. ते मेलेलं नाही."

पद्मावती त्या दिवशी बांधावर बसून रडली नाही. नुसती बसली. गोमटेशने उचललेला वाटा चुकीचा नव्हता, एवढं कळायला तिला नऊ वर्षं आणि एक काठी लागली होती.

अण्णांची गाडी येऊन गेली त्याच दिवशी दुपारी ब्राह्मी आली. उंबऱ्यातच उभी राहिली.

"काकू, मी तुम्हाला एक सांगायला हवं होतं. सासऱ्यांनी खालच्या रानात निचऱ्याचे पाइप टाकायचा नकाशा करून घेतलाय. जमिनीखालून पाइप, थेट ओढ्यापर्यंत. सरकारी अनुदानाचा अर्जसुद्धा तयार आहे. नकाशात तुमच्या गटावर त्यांचं नाव आहे."

"कवा केला नकाशा?"

"मे महिन्यात. मी तेव्हाच बघितला होता."

पद्मावतीने मनात हिशेब मांडला. आधी पाणी सोडून रान बुडवायचं, बुडलेलं म्हणून चांगल्या रानाच्या सातव्या हिश्शाच्या भावात घ्यायचं, आणि आपलं झालं की मग त्यातलं पाणी काढायचं. निसर्ग हाय त्यो, असं अण्णा म्हणत. निसर्गाला अर्ज भरता येतो हे तिला नव्याने कळलं.

रविवारी बस्ती भरली होती. क्षमावाणीची रीत साधी आहे. वर्षभरात कुणाचं मन दुखावलं असेल तर हात जोडून क्षमा मागायची. समोरच्याने "उत्तम क्षमा" म्हणायचं आणि मन धुऊन टाकायचं. ज्यांनी ही रीत घातली ते थोर होते. पण थोरांच्या रीती पुढे कुणाच्या हाताला लागतील हे त्यांच्या हातात नसतं.

अण्णा पांढरंशुभ्र धोतर नेसून रांगेने निघाले. "कळत नकळत, मनानं, वाचेनं, कायेनं काही दुखावलं असंल तर क्षमा." "उत्तम क्षमा, अण्णा." "क्षमा, क्षमा." एकेका माणसाला तीन पावलांचा वेळ. वीस वर्षांचं पाणी तीन पावलांत उतरत होतं.

ते पद्मावतीसमोर आले. नऊ वर्षं ती याच खांबापाशी उभी राहून "उत्तम क्षमा" म्हणत आली होती. आज तिच्या हातात दोरे बांधलेली काठी होती. बायकांना वाटलं, गुडघे दुखत असतील.

"पद्माक्का, कळत नकळत काही दुखावलं असंल तर क्षमा."

"कशाची, अण्णा?"

अण्णांना वाटलं, तिला ऐकू आलं नाही. ते जरा मोठ्याने म्हणाले, "क्षमा म्हटलं."

"ऐकलं की. कशाची मागताय, ते विचारते."

"आगं, ते असं म्हणायचं असतं!"

"मी बी नऊ वर्षं नुसतं म्हणतच आले. तुमी मागायची, मी द्यायची, आन दुसऱ्या दिवशी मोटर चालू." तिने काठी त्यांच्यासमोर उभी धरली. "ह्ये लाल दोरे म्हंजे तुमचं पाणी सुटल्यावरचं माझं रान. ह्यो खालचा पांढरा म्हंजे तुमचा ट्रान्सफॉर्मर जळला तवाचं. आता नकळत काय ऱ्हायलं न्हाई. तुमास्नी बी कळलं, मला बी कळलं."

बस्तीचे पंडित पुढे आले. "अक्का, आज असं बोलू नये. क्षमा हे वीराचं भूषण आहे."

"व्हय, पंडितजी. पण माझ्या रानात वीर उगवत न्हाईत, मीठ उगवतं." मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. "आवं, जी वस्तू दरवर्षी फुकट मिळती, तिची किंमत कोण करणार? ह्यांनी माझं रान बुडवलं ते माझी क्षमा फुकट हुती म्हणून. मीच ती नऊ वर्षं स्वस्त ठेवली."

"मग पायजे तरी काय तुला?" अण्णांचे हात अजून जोडलेलेच होते. "घे म्हणतोय की रान, पैसं देतोय की!"

"रान इकायचं न्हाई. बुधवारचा नंबर दुसऱ्याला द्या. पाण्याला मीटर लावा. जेवढं वढाल तेवढ्याची पट्टी भरा. जादा वढणाऱ्याकडनं जे येईल, त्यातनं खालच्या समद्या रानांत निचऱ्याचं पाइप टाका. तुमी काढलाय त्योच नकाशा चालंल. गटावरचं नाव तेवढं बदला."

नकाशाचा शब्द निघाला तशी अण्णांची मान सुनेकडे वळली. ब्राह्मी बायकांच्या रांगेतून बाहेर आली, सासऱ्यांच्या बाजूने गेली आणि पद्मावतीसमोर हात जोडून उभी राहिली.

"काकू, मे महिन्यात मी नकाशा बघितला. चार महिने गप्प बसले. घरात भांडण नको म्हणून बसले. त्याची क्षमा मागते. सोमवारी संस्थेत मीटरचा अर्ज देणार आहे, त्यावर पहिली सही माझी असेल."

पद्मावतीने काठी खांबाला टेकवली, दोन्ही हात जोडले आणि सगळ्या बस्तीला ऐकू जाईल असं म्हणाली, "उत्तम क्षमा, पोरी."

मागणं असं असतं आणि देणं असं असतं, हे तिथल्या लहान पोरालाही कळलं. अण्णा रांगेत पुढे सरकले. पुढची बाई भाग्यश्री. तिचं दीड एकर ओढ्याच्या काठाला, गुडघाभर लव्हाळ्यात. अण्णा पुटपुटले, "कळत नकळत..." भाग्यश्रीने हात पदराखाली घेतले आणि खाली जमिनीकडे बघत राहिली. अण्णांचे जोडलेले हात तसेच राहिले. मागताना ते जोडायचे हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. नाही मिळाली तर सोडायचे कसे हे कुणी शिकवलं नव्हतं.

सोमवारच्या अर्जावर खालच्या रानांतल्या सहा जणांच्या सह्या झाल्या. संस्थेच्या नियमाने सभा बोलवावी लागणार होती. सम्मेदने सही केली नाही, पण बायकोला अर्ज द्यायला मोटारसायकलवरून त्यानेच सोडलं आणि बाहेर उन्हात थांबला. अण्णा सुनेशी बोलणं सोडून देव्हाऱ्याशी बोलू लागले. ज्यांनी सह्या केल्या नाहीत त्यांनी गावभर सांगितलं, पद्मावतीने धर्म बुडवला. रान बुडालं तेव्हा यांतल्या एकालाही बुडणं हा शब्द आठवला नव्हता.

बुधवारी रजिस्टर कचेरीपुढे अण्णांची गाडी दुपारपर्यंत उभी होती. बायका रडतात, रुसतात आणि शेवटी येतात, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव.

पद्मावती तेव्हा खालच्या बांधावर होती. आठवडाभर पावसाने उघडीप दिली होती, आणि वर मोटर चालूच होती; तिचा आवाज इथवर येत होता. तिने काठी पाइपात सोडली, बाहेर काढली, बोटाने ओलावा चाचपला. कनवटीचा लाल दोरा काढून खुणेवर बांधला आणि गाठ दातांनी घट्ट केली.

पुढच्या क्षमावाणीला अजून वर्ष होतं. काठीवर जागा पुष्कळ होती.