काढलेला भाग दाखवा

“निघाला! निघाला!”

पुढच्या रांगेतली माणसं एकदम उभी राहिली, त्यामुळे मागच्यांना काहीच दिसलं नाही. सर्वांत मोठा जयजयकार मागच्यांनीच केला.

एरवी रिकाम्या खोक्यांनी भरलेलं ते गोदाम आज माणसांनी भरलं होतं. लाकडी चौथऱ्यावर नेत्रमहाराज बसले होते. त्यांच्या चिमटीत ओल्या कापसाचा बोळा होता आणि बोळ्याला नखाएवढा पांढुरका पडदा लोंबत होता. त्यांनी तो पितळी ताटलीत ठेवून दिव्याखाली फिरवला.

“हा बघा मोतीबिंदू! सात वर्षांचा! ना सुरी, ना सुई, ना पट्टी! डॉक्टर डोळा कापतो. काढलं काय, ते कधी दाखवतो का? दाखवील कसा? काढलेलंच नसतं!”

ज्याचा पडदा निघाला तो म्हातारा गाल फुगवून मान डोलवत होता. बोलणार कसा? चौथऱ्यावर चढण्याआधी प्रत्येकाने तोंडात मंतरलेलं पाणी धरायचं आणि महाराज सांगेपर्यंत गिळायचं नाही, असा तिथला दंडक होता. मग शिष्य डोळ्यात ‘तेजोबिंदू’ सोडायचा, माणसाला अर्धा तास कनातीमागच्या बाकावर बसवायचा आणि बाहेर आणून कॅलेंडरवरचे आकडे वाचायला लावायचा. पाचातले दोघं खडाखडा वाचायचे. उरलेल्या तिघांची श्रद्धा कमी पडायची.

दाराशी उभी असलेली बाई हे सगळं दात आवळून बघत होती. ती शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नऊ वर्षं एकच काम करत होती: ऑपरेशनच्या आधी डोळ्याची लांबी, बुबुळाची गोलाई, पुढच्या कप्प्याची खोली मोजायची आणि त्या आकड्यांवरून आत कितीचं भिंग बसवायचं ते काढायचं. पेशंट तिला ‘मापवाली बाई’ म्हणत. या आठवड्यात यादीत चौदा नावं होती, आले पाच. नऊजणांनी एकच कारण दिलं: “महाराज पडदा हातात दाखवतात हो.” समजावून समजावून तिला स्वतःच्याच आवाजाचा कंटाळा आला होता.

पण आज ती आली होती ती यादीतल्या पहिल्या नावासाठी. ते तिच्या वडिलांचं होतं.

अण्णा घड्याळं दुरुस्त करत. त्यांना एकच डोळा होता. डावा तरुणपणीच गेला, भिंतीवरच्या घड्याळाची स्प्रिंग सुटून. तिथे आता कृत्रिम डोळा होता, इतका हुबेहूब रंगवलेला की नवीन गिऱ्हाईक हमखास त्याच डोळ्याशी बोलायचं. उरलेल्या उजव्यात मोतीबिंदू पिकला होता. गेले दोन महिने अण्णा सेकंदकाटा बोटाने चाचपून बसवत होते आणि तो पडला की जमिनीवर रांगत होते.

आठवड्यापूर्वी दुकानात बाप-लेकीचं वाजलं होतं.

“काढलेलं भिंग मला दाखवणार का तुझे डॉक्टर?”

“दाखवण्यासारखं उरतच नाही, अण्णा. बारीक नळी आत जाते. तिचं टोक इतक्या वेगाने थरथरतं की मोत्याचा चुरा होतो, आणि तीच नळी तो चुरा ओढून घेते. चीर म्हणाल तर या मनगटी घड्याळाच्या चावीएवढी. टाकासुद्धा नाही.”

“आणि नवीन भिंग? तेही त्याच भोकातून?”

“घडी घालून. आत गेलं की उलगडतं.”

अण्णांनी चिमटा खाली ठेवला. “चाळीस वर्षं घड्याळं उघडतोय मी. झाकण न काढता आतलं चाक बदललं, असं कुणी म्हणालं तर त्याला मी पायरीवरूनच परत पाठवीन.”

“घड्याळ नाही हो ते!”

“म्हणूनच जास्त काळजी. घड्याळ बिघडलं तर दुसरं मिळतं.”

अण्णांच्या दुकानाचा एक नियम होता. कुठलाही भाग बदलला की जुना भाग कागदाच्या पुडीत घालून, वर गिऱ्हाईकाचं नाव लिहून परत द्यायचा. गिऱ्हाईकाने मागितला नाही तरी.

त्यात आत्या बसल्याच होत्या तेल ओतायला. “ह्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मोती बाटलीत घालून दिला होता हो! अजून कपाटात आहे. पाच दिवस मान हलवू दिली नाही. त्याला म्हणतात ऑपरेशन. आता सकाळी गेलं, दुपारी घरी जेवायला? काहीतरी काळंबेरं असणारच.”

म्हणजे उपाय सोपा झाला, हाच त्याचा गुन्हा. मापवाल्या बाईला टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं.

आणि आज सकाळी, ऑपरेशनच्या दिवशी, दुकानाला कुलूप. शेजारच्या शिंप्याने सांगितलं, “आत्याबाई घेऊन गेल्या. गोदामाकडे.”

तिच्या डोळ्यांपुढे आली ती अण्णांच्या मापाच्या कागदावरची लाल शाईतली ओळ. पुढचा कप्पा उथळ, जेमतेम दोन मिलिमीटर. बाहुली मोठी करताना सावध. अशा डोळ्यात बाहुली मोठी करणारं औषध कुणी आंधळेपणाने घातलं, तर आतलं पाणी तुंबतं, दाब चढतो आणि काही तासांत नजर कायमची जाऊ शकते. दवाखान्यात तो थेंब दाब मोजत, डॉक्टर समोर असताना घालतात.

ती गर्दीत घुसली.

“ओ ताई, रांग आहे!”

“डोळे काय तुम्हालाच आहेत का?”

कोपर मारत ती चौथऱ्यापाशी पोचली तेव्हा दोन गोष्टी एकदम दिसल्या. शिष्य एका छोट्या बाटलीतून तेजोबिंदूच्या तांब्यात थेंब गाळत होता आणि बाटलीचं झाकण लाल होतं. बाहुली मोठी करायच्या औषधाचं तेच लाल झाकण ती दिवसातून तीसदा उघडत असे. आणि चौथऱ्यावर, गाल फुगवून, अण्णा बसले होते.

महाराजांनी रोजच्या सवयीने डाव्या डोळ्यापासून सुरुवात केली.

“उं! उं!” अण्णा उजव्या डोळ्याकडे बोट दाखवू लागले.

“बघा, बघा! आतला दोष कसा तडफडतोय!” महाराजांनी त्यांचा हात खाली दाबला. ओला बोळा डाव्या पापणीवरून एकदा फिरला, दोनदा फिरला, आणि तिसऱ्यांदा…

“निघाला! निघाला!”

“सात वर्षांचा!” महाराज गरजले. त्या दिवशी सगळेच मोतीबिंदू सात वर्षांचे होते.

अण्णांची धडपड थांबली. हात मांडीवर, मान ताठ. घड्याळाची टिकटिक ऐकताना ते असेच बसत.

शिष्याने थेंबाची नळी उजव्या डोळ्यावर धरली. मापवाल्या बाईने चौथऱ्यावर चढून त्याचं मनगट पकडलं.

“एक थेंबसुद्धा घालायचा नाही! हा डोळा गेला तर माणूस ठार आंधळा होईल.”

“बाई, श्रद्धेत लुडबुड नको,” महाराज म्हणाले.

“काढा तिला बाहेर!” मागून कुणीतरी ओरडलं.

“अगं, चारचौघांत तरी…” आत्यांनी तिचा पदर ओढला.

तेवढ्यात ‘गट्ट’ असा मोठा आवाज झाला. अण्णांनी मंतरलेलं पाणी गिळून टाकलं होतं.

“महाराज, काढलेला भाग द्या.”

“काय?”

“माझ्या डोळ्यातून काढलात तो. गिऱ्हाईकाचा जुना भाग गिऱ्हाईकाला परत. माझ्या दुकानाचा नियम आहे.”

“तो… तो जळात सोडावा लागतो.”

“बरं. मग असं करा.” अण्णांनी डाव्या पापणीखाली अंगठा घातला, हलकेच दाबला आणि डोळा काढून पितळी ताटलीत ठेवला. टण्ण आवाज झाला. “हा अख्खा भागच घ्या. यात पडदा नेमका कुठे होता, तेवढं दिव्याखाली दाखवा.”

ताटलीत तो डोळा अजून डुलतोय हे मागच्यांनाही ऐकू आलं.

मापवाल्या बाईने महाराजांच्या हातातला बोळा घेतला आणि उलगडला. कापसाच्या घडीत आणखी चार पडदे होते, व्यवस्थित कापून ठेवलेले. “अंड्याच्या कवचाला आतून पातळ कातडी असते ना, ती आहे ही. घरी जाऊन सोलून बघा. मोतीबिंदू डोळ्यावर साचत नाही, आतल्या भिंगाचाच होतो. पुसून निघत नाही तो.”

“पण मला दिसलं होतं!” पुढच्या रांगेतून आवाज आला. “आकडे वाचले मी!”

“वाचले असतील. मोती मधोमध असला तर बाहुली मोठी झाल्यावर कडेकडेने उजेड आत जातो. चार-सहा तास बरं दिसतं. औषध उतरलं की पुन्हा जैसे थे. खरं सांगा, संध्याकाळी कुणाकुणाला परत धूसर दिसलं? हात वर करा.”

एक हात वर झाला, मग आठ-दहा. शेवटी, जमिनीकडे बघत, आत्यांचाही.

“आत्या! तुम्हीही इथे डोळा दाखवला होता? मग सांगितलं का नाहीत?”

“श्रद्धा कमी पडली म्हणाले असते गं.”

महाराज मागच्या दाराने निघून गेले. जिंकल्याचं समाधान बाईला मिळायचं होतं, तेही राहून गेलं, कारण दारापाशी एक काकू दुसरीला सांगत होत्या, “काचेच्या डोळ्यातूनसुद्धा मोती काढला! बघा म्हणजे, केवढी शक्ती!” दुसरीने मान डोलावली.

डॉक्टर दुपारपर्यंत थांबले होते. ऑपरेशनला पंधरा मिनिटं लागली. भिंग बाईनेच मोजून काढलं होतं, जवळचं स्पष्ट दिसेल असं. लांबचं अण्णा चष्म्याने बघणार होते. यंत्राने ओढून घेतलेलं पाणी तिने डॉक्टरांना मागून एका बाटलीत भरलं. दुधट पाणी, तळाशी पिठासारखा चुरा.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. अण्णांनी लेकीच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“कपाळावर एवढ्या आठ्या कधीपासून?”

“तुम्ही गोदामात गेलात तेव्हापासून.”

त्यांनी बाटली उजेडात धरली, हलवली, चुरा खाली बसेपर्यंत थांबले. मग तिच्यावर कागद चिकटवून स्वतःचं नाव लिहिलं. सरळ ओळीत. “झाकण न काढता चाक बदललं बुवा,” ते म्हणाले.

ही गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण त्या नऊजणांतली एक बाई चौथ्या दिवशी लाल, ठणकणारा डोळा घेऊन आली. तीन दिवस ती तेजोबिंदू मुरायची वाट बघत घरी बसली होती. दाब उतरवला, दुखणं थांबलं, नजर परत आली नाही. त्या डोळ्याचं माप घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. अशा डोळ्यांची नोंद कुठलाच महाराज ठेवत नाही.

म्हणून एवढंच सांगायचं. डॉक्टर असो की महाराज, कुणापुढेही बसताना तोंडात पाणी धरू नका. काय काढलं, कुठून काढलं, कसं काढलं, हे विचारा. उत्तर देणारा चिडला तर उठून घरी या. आणि उपाय सोपा वाटला म्हणून खोटा समजू नका. तो सोपा व्हावा म्हणून कितीतरी माणसांनी आपले डोळे शिणवले आहेत.

अण्णांची बाटली आता दुकानातल्या काचेच्या कपाटात असते. आणि दवाखान्यात मापवाली बाई मागणाऱ्या प्रत्येकाला तशी बाटली देते. या सोमवारी यादीत बारा नावं होती, आले सात.

तिने आठवं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. तिने फोन उचलला आणि त्या घरचा नंबर फिरवला.