बदल्यात दिलेली डिस्क

मी एक जुनी डिस्क आहे. मित्रांनो, जुनी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर ओरखडे पडलेली, मधेच अडखळणारी कुणीतरी आली असेल. तसं काही नाही. माझ्या अंगावर साधी रेघसुद्धा नाही. पण मी फुटबॉलच्या गेमची डिस्क आहे आणि आमच्यात जुनं व्हायला झिजावं लागत नाही. पुढच्या वर्षीची आली की मागची जुनी, विषय संपला. दूध नासायलासुद्धा काही कारण लागतं, आम्हाला तेवढंही लागत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. वितळलेल्या प्लॅस्टिकवर साचा दाबला, वर चकचकीत मुलामा चढवला, मधे भोक ठेवलं आणि मी तयार झाले. त्याच साच्यातून माझ्या हजारो बहिणी निघाल्या. मी बाजारात आले त्या सकाळी दुकानाबाहेर ही रांग! काचेवर माझं भलंमोठं पोस्टर होतं. मला वाटलं, आपण कुणीतरी मोठ्या आहोत. कुणीतरी तेव्हाच माझा कान धरून मला सांगायला हवं होतं की हे पोस्टर फक्त वर्षभराचं असतं.

मला नेलं एका बँकेतल्या कारकुनाने. घरी गेल्या गेल्या त्याच्या बायकोने विचारलं, "गेल्या वर्षी घेतला होतास ना? मग यात नवीन काय आहे?"

"खूप आहे. गवत बघ. पावसात ओलं दिसतं."

"मागच्यातही ओलंच दिसायचं."

"आणि तो आपला गोल मारणारा खेळाडू दुसऱ्या संघात गेलाय. मागच्या गेममध्ये तो अजून जुन्याच संघात आहे."

"गेला तर गेला. जाताना त्याने तुला विचारलं होतं का?"

तेव्हा मला त्या बाईचा फार राग आला होता. आता वाटतं, त्या घरात डोकं ठिकाणावर असलेलं माणूस तेवढं एकच होतं. वर्ष सरलं, पुढची डिस्क आली आणि कारकुनाने मला दुकानात देऊन तिच्यावर थोडी सूट मिळवली. त्याने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. दुकानात माझ्यासाठी कप्पा नव्हता. दाराजवळ एक प्लॅस्टिकचं टोपलं होतं, त्यात मागच्या वर्षांच्या सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडलेल्या होत्या. येणारे-जाणारे आमच्यात हात घालायचे, ढवळायचे आणि काही न घेता निघून जायचे.

त्या टोपल्यातून मला एका तरुण मुलाने काढलं. तो मोबाइल दुरुस्तीचं काम शिकत होता. त्याने एक जुनं गेम खेळायचं मशीन आणि त्याच्यासोबत मी, असं मिळून स्वस्तात घेतलं. स्वतःसाठी नाही, मामासाठी. घरात सगळे या मुलाला दादा म्हणायचे, म्हणून मीही दादाच म्हणते.

मामा फरशी बसवायचं काम करायचा. दादाच्या घराची फरशीही त्यानेच बसवलेली होती. घरात फार सामान नव्हतं: खिडकीशी त्याची खाट, समोर कपाटावर टीव्ही आणि पलीकडे स्वयंपाकघर. कामावर असताना त्याला झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. लग्न केलेलं नव्हतं, म्हणून बहिणीने त्याला स्वतःच्या घरी आणलं. ती दादाची आई. एका लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची आणि संध्याकाळी घरी आली की तिच्या अंगाला वाफेचा वास असायचा. घरात आणखी एकजण होती, दादाची धाकटी बहीण. शाळेत जाणारी, बडबडी. मामा तिला कप्तान म्हणायचा.

पहिले काही दिवस मामाने मला हातही लावला नाही. "दोन हातांचा खेळ आहे हा," तो म्हणायचा. जीभ जड झाली होती, शब्द हळू यायचे, पण तिरकस बोलायची खोड काही गेली नव्हती. "पाय वापरायचा फुटबॉल, आणि त्यालाही म्हणे दोन हात लागतात."

कप्तान हटली नाही. ती माझ्या पोटात शिरली. म्हणजे सेटिंगमध्ये. असं एकेक पान उघडत गेली की एवढं आत कुणी कधी गेलंच नसेल. तिथे एक सोय होती: रिमोटचं कोणतं बटण कोणत्या कामाला ते आपलं आपण ठरवायचं. तिने पळणं, चेंडू देणं, अडवणं, सगळं डाव्या हाताकडे घेतलं. उजवीकडे फक्त एक बटण ठेवलं, गोलात चेंडू मारायचं. ते कसंही दाबा, हळू दाबा, उशिरा दाबा, मी चेंडू मारायचेच. तेवढी माणुसकी माझ्यात होती, आणि ते माझ्या पोस्टरवर कुणी कधी छापलं नव्हतं.

सुरुवातीला ते उजवीकडचं बटणही मामा डावा हात पलीकडे नेऊन दाबायचा. आणि हरायचा. असा हरायचा की कप्तानलाच लाज वाटायची आणि ती मुद्दाम स्वतःच्या गोलात चेंडू घालायची. "दया दाखवतेस होय गं?" मामा म्हणायचा. "थांब, पुढच्या मॅचला तुझी अशी जिरवतो की बघच."

मग एका संध्याकाळी, गोलासमोर चेंडू असताना, त्याच्या उजव्या हाताचं बोट हललं. अंगठ्याशेजारचं. दाबलं गेलं म्हणण्यापेक्षा बटणावर पडलं. मी चेंडू मारला. गोल झाला. मग मामा म्हणाला, "कप्तान, मी मारला का गं हा?" आणि ती जी पळत स्वयंपाकघरात गेली, आईला कणकेच्या हातांनिशी ओढून आणलं, तर तोवर मामा तोंडावर उशी धरून रडत होता.

व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. त्यांनी बोट पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं, "हे चालू ठेवा. रोज. थांबलात तर पुन्हा आखडेल, आणि मग मी काही सांगू शकत नाही." त्यांनी दिलेला रबरी चेंडू मामा दाबायचा नाही, कंटाळा यायचा. पण मॅच मात्र रोज व्हायची. बोट पडायचं ते हळूहळू दाबायला लागलं. मामाने त्यावर बेत रचले. "ताई, बोट आलं की पेन्सिल धरता येईल. पेन्सिल धरली की रेघ मारता येईल. रेघ मी मारीन, फरशी दुसरा कुणी बसवेल. अर्धी मजुरी तरी कुठे गेली नाही." त्याची बहीण नुसतं हं म्हणायची. पण भांडी घासताना गुणगुणायची, ते मला मशीनमध्ये ऐकू यायचं.

ते माझे चांगले दिवस. खरं सांगते, मित्रांनो, दुकानाच्या काचेवर असतानाही मी इतकी कुणाला हवी नव्हते.

मग दादाला नोकरी लागली आणि पहिला पगार झाला. पहिल्या पगारात घरच्यांना काहीतरी आणावं असं कुणाला वाटत नाही? आईसाठी चपला आणल्या, बहिणीला दप्तर. आणि मामाला त्या वर्षीचा नवाकोरा गेम. माझ्या पोटातले खेळाडू आता कुठल्या कुठल्या संघांत निघून गेले होते, आणि मामाने बिचाऱ्याने शिळ्यावर का भागवावं? एवढा साधा विचार. कप्तान शाळेत होती, मामा झोपला होता. मला बदल्यात दिलं की थोडी सूट मिळत होती. दादाने मला डबीत घातलं आणि शीळ वाजवत दुकानात नेलं. त्याच्यावर मला रागावता आलं नाही, आजही येत नाही.

पुन्हा ते टोपलं. आता माझ्यावरची किंमत इतकी उतरली होती की लोक मला घेण्यापेक्षा बरोबर फुकट काय मिळेल ते विचारायचे. किती दिवस गेले मी मोजले नाहीत. मोजून काय उपयोग होता?

एक दिवस टोपल्यात एक लहान हात आला. कप्तान होती. पाठीला दादाने आणलेलं दप्तर होतं, पण चेहऱ्यावरची बडबड पार गेली होती.

दुकानदार म्हणाला, "अगं, हा घेऊन काय करशील? यातले निम्मे खेळाडू घरी बसले आता. नवीन घे की."

"नवीन आहे आमच्याकडे," ती म्हणाली. "खेळाडू कोणतेही चालतील. बटणं जुनी हवीत."

तो हसला. "घे मग कोणतीही. सगळ्या सारख्याच."

तिने आमच्या वर्षाच्या डिस्कमधली वरची उचलली. ती मी निघाले. तिला ते कळलंही नाही, आणि मी सांगणार कशी? तिने मला ओळखलं म्हणून घरी नेलं असं मला म्हणता आलं असतं तर फार बरं वाटलं असतं. पण तसं झालं नाही.

घरी पोचल्यावर हळूहळू सगळं कळलं. नव्या गेममध्ये गवत जास्त हिरवं होतं, खेळाडूंचे केस वाऱ्यावर उडत होते, प्रेक्षक उठून उभे राहत होते. फक्त बटणांची अदलाबदल करायची सोय काढून टाकली होती. कुणी वापरत नाही, असं ती काढणाऱ्याला वाटलं असेल. आणि गोलात चेंडू मारायला बटण दोनदा दाबावं लागायचं, झटकन, नेमक्या वेळेला. मामाचं बोट एकदा दाबून उठेपर्यंत समोरच्याने चेंडू पळवलेला असायचा.

पण दादा कौतुकाने बाजूला बसला होता. पहिल्या पगाराची वस्तू. मामा म्हणाला, "झकास आहे रे. गवत बघ, पाणी मारल्यासारखं." आणि दादा दुसरीकडे वळल्यावर कप्तानला हळूच म्हणाला, "त्याला काही बोलू नकोस हं. पोराने हौसेने आणलंय."

म्हणून ती बोलली नाही. मामा बोलला नाही. दादा रोज कामावरून आला की विचारायचा, "मामा, आज किती गोल?" मामा काहीतरी आकडा ठोकून द्यायचा. मग डोळे दुखतात म्हणाला. मग कंटाळा आला म्हणाला. मग मशीनवर फडकं पडलं. व्यायामाच्या बाई एक दिवस आखडलेलं बोट सरळ करून बघायला लागल्या आणि जाताना मामाच्या बहिणीला दाराबाहेर घेऊन गेल्या, तेव्हा घरात वाचा फुटली.

मी परत आले त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात दादाचा आवाज चढला होता. "मला सांगायचं ना कुणीतरी! मी काय परका आहे?"

"तुझा चेहरा बघून सांगवेना रे त्यांना," आई म्हणाली. "आणि मला तरी कुठे माहीत होतं? तो मला म्हणायचा, मस्त चाललंय."

"मी ती डिस्क दिलीच नसती गं आई. घरात पडून राहिली असती तर काय बिघडत होतं?"

आई भांडं घासत होती ते घासतच राहिली, आणि या वेळी गुणगुणत नव्हती.

कप्तानने मला मशीनमध्ये घातलं. मी फिरायला लागले. मित्रांनो, मी जीव तोडून फिरले. तिने लावलेली बटणांची मांडणी मशीनच्या आठवणीत तशीच होती, सगळे डाव शिल्लक होते, मामाचा शेवटचा गोलसुद्धा. ती धावत खाटेशी गेली. "मामा, जुनाच आहे. बघ, आपली बटणं."

मामाने टीव्हीकडे पाहिलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटं तळव्यात मुडपून गेली होती. "राहू दे, कप्तान," तो म्हणाला. "मला जमायचं होतं तेवढं जमून गेलं." तिरकस काही बोलला नाही. तेच मला सगळ्यात वाईट वाटलं.

नवा गेम दरवर्षी घ्यावा का, असं तुम्ही मला विचाराल. माझ्या तोंडून 'नको' हे उत्तर शोभणार नाही, कारण मी स्वतः जुनी आहे, माझा जळफळाट वाटेल. हौस असेल तर जरूर घ्या. पण दुसऱ्यासाठी घेत असाल तर जुनी वस्तू हातावेगळी करण्याआधी त्या माणसाजवळ दोन मिनिटं बसा. त्याला तिच्यात काय जमतं ते बघा. आणि कुणी तुमच्यासाठी प्रेमाने काही आणलं आणि ते तुमच्या उपयोगाचं नसेल, तर त्याच दिवशी सांगून टाका. आणणाऱ्याला वाईट वाटेल, दोन दिवस वाटेल. इथे सगळ्यांनी एकमेकांचं मन जपलं आणि बोट गेलं.

अजूनही शाळेतून आल्यावर कप्तान मला लावते. एक रिमोट स्वतः घेते, दुसरा मामाच्या मांडीवर ठेवते. पडद्यावर लिहून येतं की दुसऱ्या खेळाडूने बटण दाबावं. ती मामाचं बोट अलगद सरळ करते आणि त्या बटणावर नेऊन ठेवते. स्वतः दाबत नाही. दाबायचं त्यानेच, असं तिने ठरवलंय. मामा खिडकीबाहेर बघत असतो. पडद्यावरची अक्षरं तशीच लुकलुकत राहतात. मी फिरत राहते. थोड्या वेळाने आई जेवायला हाक मारते, आणि कप्तान मशीन बंद करते.