नकाशातली मधली जागा

"सोडा, सोडा, आता खालून ओढा!" शिपाई कारभारी शिडीवरून ओरडला. फ्लेक्स सभागृहाच्या भिंतीवर उलगडत खाली आला. ग्रंथपाल ज्योत्स्नाने मान वर करून पाहिलं आणि तिच्या हातातली दोरी सुटली.

"मॅडम, धरा की!"

"कारभारी, हा आपला नकाशा न्हाई."

"न्हाई कसा? वर कॉलेजचं नाव हाय, खाली प्राचार्यांचा फोटो हाय."

फोटोही तिने दिला नव्हता. पण फोटोचं तिला काही वाटलं नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात बसून तिने मूळ नकाशा काढला होता. इथल्या आणि आसपासच्या कॉलेजांतल्या प्राध्यापकांचे आजवरचे शोधनिबंध संगणकात भरले की तो पडद्यावर उमटायचा. एक गोळा म्हणजे एक संशोधक. ज्याच्या निबंधांचा आधार जास्त वेळा घेतला गेला, त्याचा गोळा मोठा. कुणी कुणाचा आधार घेतला, त्याच्या रेघा. ज्यांचा एकमेकांशी संबंध ते जवळ येतात, ज्यांचा नाही ते लांब पडतात. तिने तो पुन्हापुन्हा चालवून पाहिला होता. दर वेळी सगळ्यात मोठा हिरवा गोळा खाली उजव्या कोपऱ्यात जाऊन पडायचा. सोबत सात-आठ छोटे गोळे, आपसात जाड रेघांनी बांधलेले. बाकीच्या नकाशाकडे त्यांच्यातून एकही रेघ जात नव्हती.

तो हिरवा गोळा काकासाहेब सरांचा होता. वनस्पतिशास्त्राचे सर. तिला त्यांनीच शिकवलं होतं आणि ग्रंथालयाच्या कोर्सला जा म्हणूनही त्यांनीच सांगितलं होतं. आज विद्यापीठाची समिती येणार होती. समितीचं समाधान झालं तर कॉलेजला संशोधन केंद्र मिळणार होतं, आणि सर ते पाहून निवृत्त होणार होते.

भिंतीवरच्या फ्लेक्सवर तो गोळा मधोमध बसला होता.

तिने जालन्याला श्रेयांसला फोन लावला. फ्लेक्सचं दुकान त्याचं.

"श्रेयांसभाऊ, तो हिरवा गोळा कोपऱ्यात होता."

"होता ना ताई! कसा दिसत होता पण? मधी एवढी जागा मोकळी, अन् सगळ्यात मोठा माणूस कोपऱ्यात. वाढदिवसाच्या बॅनरवर आपण साहेबाला कोपऱ्यात टाकतो का? मी सगळा घोस उचलून मधी घेतला. खर्चा बिलकुल वाढवला न्हाई."

"भाऊ, हे बॅनर न्हाई."

"मंग काय आहे?"

"मग सांगते भाऊ." तिने फोन ठेवला तोवर प्राचार्य आत आले होते, आणि कमरेवर हात ठेवून फ्लेक्सकडे पाहत होते.

"वा! लॅपटॉपवर एवढं छान दिसत नव्हतं."

"सर, छापताना काकासाहेब सरांचा गट हललाय. इथं नको होता तो."

"हलला म्हणजे काय झालं? नाव तेच, रंग तोच."

"या नकाशात कोण कुठं आहे, यालाच अर्थ असतो सर. लॅपटॉपवरचा लावू आपण पडद्यावर."

प्राचार्यांनी आवाज खाली आणला. "मॅडम, समितीची गाडी वडीगोद्रीच्या पुढं आली. केंद्र मिळालं तर जांबहून येणारी आपली आकांक्षा इथं पीएच.डी. करील. न्हाई मिळालं तर तिचा बाप तिला संभाजीनगरला पाठवून राह्यला का? सांगा तुमी."

आकांक्षाच्या वडिलांना ज्योत्स्ना ओळखत होती; ते पाठवणार नव्हते.

काकासाहेब आले ते इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. पहिल्या रांगेत बसले आणि वर फ्लेक्सकडे पाहू लागले.

"ज्योत्स्ना, मी मधी कसा आलो?"

"फ्लेक्सवाल्यानं घेतलं सर."

"अन् तू कुठं ठेवलं होतं?"

तिने खालचा कोपरा दाखवला. तिथे आता प्राचार्यांचा फोटो होता. सरांनी तिकडे पाहिलं.

"रेघा?"

"आपसातच सर."

"बरं," ते म्हणाले.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तिला आणखी काही बोलायचं होतं, पण कारभारी हार घेऊन धावला आणि सगळेच उठले.

समितीच्या अध्यक्ष बाई ठेंगण्या होत्या. भाषणं चालू असतानाच त्या उठल्या, चष्मा कपाळावर सरकवून फ्लेक्सला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या आणि बोटाने एकेक रेघ धरून फिरू लागल्या. भाषण आपोआप थांबलं.

"हा गोळा सगळ्यात मोठा, आणि मधोमध. पण याच्या गटातून बाहेर एकही रेघ जात नाही. असं कसं? नकाशा कुणी केला?"

"आमच्या ग्रंथपाल मॅडमनी," प्राचार्य म्हणाले. त्यांची नजर ज्योत्स्नावर खिळली होती.

गोळ्यांच्या जागा संगणक ठरवतो, एवढं एक वाक्य तिच्या जिभेवर होतं. ते खोटं नव्हतं. तेवढ्यावर भागलंही असतं. तिने सरांकडे पाहिलं. ते मान खाली घालून चष्मा पुसत होते. सावकाश, आधी एक काच, मग दुसरी. ते मुद्दाम वर पाहत नाहीत, हे तिच्या लक्षात आलं.

"मॅडम, हा गोळा इथला नाही," ती म्हणाली. "छापताना हलवला गेलाय. तो खालच्या कोपऱ्यातला आहे. गटाबाहेर कुणाशी त्याची रेघ जुळत नाही."

"याचा अर्थ काय घ्यायचा?"

ती सांगणार, तेवढ्यात काकासाहेब उभे राहिले.

"आहेर हाय मॅडम तो."

"काय?"

"आमी चार कॉलेजचे सात-आठ मास्तर. त्यानं माझ्या निबंधाचा संदर्भ द्यायचा, मंग मी त्याच्या. लग्नातला आहेर परत करावाच लागतो ना, तसं. पदोन्नतीला आकडा लागतो. आमी तो असा जमवला. पोरीनं नकाशा बराबर काढलाय."

समितीतले एक गृहस्थ हसले, पण आपण एकटेच हसतोय हे पाहून थांबले. अध्यक्ष बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. प्राचार्य भिंतीवरच्या स्वतःच्या फोटोकडे पाहत होते.

चहाच्या वेळी प्राचार्यांनी ज्योत्स्नाला दारात गाठलं. "दोन मिनिटं गप बसता आलं न्हाई तुमाला? आकांक्षाला तुमीच सांगा आता."

"सांगते सर," ती म्हणाली.

अध्यक्ष बाई कप घेऊन खिडकीशी उभ्या होत्या. समोर मोसंबीची बाग होती. "रस्ताभर पाहत आले. इकडे खोडाभोवती दोन-दोन आळी का करतात? पाणी बाहेरच्या आळ्यातच सोडलेलं दिसतं."

"खोडाला पाणी लागू नये म्हणून," काकासाहेब म्हणाले. "पाणी लागलं की डिंक्या येतो. खोड कुजतं, डिंक गळतो."

"शेतकऱ्यांना हे कुणी शिकवलं?"

"शिकवलं असल कुणीतरी."

"सरांनी," ज्योत्स्ना मधेच म्हणाली. "गावोगाव हिंडून प्रयोग केले सरांनी. कुंभार पिंपळगावच्या बाजारात उभं राहून सांगितलं. माझ्या वडिलांची बाग त्यानंच वाचली."

बाई वळल्या. "छापलंय कुठे?"

"मराठीत पुस्तिका काढली होती," काकासाहेब म्हणाले.

बाईंनी पेन उघडलं आणि परत टोपण लावलं. "मग नकाशात येणार नाही ते," त्या म्हणाल्या. हे त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं होतं, आणि त्यांना वाईटही वाटत होतं. कप ठेवून त्या गाडीकडे निघाल्या.

दुपारी कारभारीने फ्लेक्स उतरवला. "मॅडम, हे कडब्यावर झाकायला नेऊ का?"

"ने."

काकासाहेब ग्रंथालयात आले आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. "तुझ्यावाला नकाशा दाव."

तिने तो उघडला. कोपऱ्यातल्या हिरव्या गोळ्याकडे त्यांनी पाहिल्यासारखं केलं. मग विचारलं, "ते डिंक्याचं काम याच्यात आलं असतं, तर कुठं पडलं असतं गं?"

ती विचार करू लागली. डावीकडे माती आणि पाण्यावर काम करणारे होते. उजवीकडे झाडांच्या रोगांवरचे. दोन्हींमध्ये मोठी पांढरी जागा रिकामी होती. श्रेयांसने भरून टाकलेली, तीच.

तिने त्या जागेवर बोट ठेवलं. "इथं. या दोघांकडं रेघा गेल्या असत्या."

"दोघांकडं?"

"हो सर."

तिने बोट काढल्यावर त्यांनी त्याच जागी आपलं बोट टेकवलं आणि पुढे वाकून पाहत राहिले. बाहेर कारभारी फ्लेक्सची गुंडाळी सायकलला बांधत होता. थोड्या वेळाने पडदा आपोआप काळा झाला. तिने माऊसकडे नेलेला हात मागे घेतला. सरांचं बोट अजून तिथंच होतं.