पाखराचं गूळपाणी

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. नाक मुरडू नका, दारूची नव्हे. हमिंगबर्ड नावाच्या अंगठ्याएवढ्या पाखरांना साखरपाणी पाजायची. माझं अंग काचेचं, आणि खाली प्लास्टिकची लाल फुलं. त्यांत चोच घालून पाखरं पितात. म्हणजे प्यायची. हल्ली मी अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरातल्या एका गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे पडून आहे.

कारखान्यातून निघाले ती मी डोरिस आजींकडे आले. त्यांचं घर मिसिसिपी नदीकाठच्या उंचवट्यावर. सप्टेंबर लागला की त्या नदीवरून दक्षिणेकडे पाखरांची रीघ लागते. ससाणे घिरट्या घालत जातात, पांढरे पेलिकन जातात, लोक दुर्बिणी लावून बघतात. माझी पाखरं मात्र कुणाच्या नजरेत भरत नाहीत. पुढे त्यांना समुद्र एका दमात ओलांडायचा असतो, म्हणून वाटेत मिळेल तिथे पोट भरून घेतात.

पुढे आजींनी मला शेजारच्या हिमानीला दिलं. हिमानी नागपूरची. नवरा यतीन आयटीत, आणि तिच्या व्हिसावर नोकरीला बंदी. साधी पांढरी साखर आणि पाणी, दुसरं काही घालू नकोस, असं आजींनी तिला बजावलं होतं. हिमानीने ते पाळलं. मला गरम पाण्याने घासून स्वच्छ ठेवायची. दिवसभर घरात बोलायला कोणी नाही, म्हणून पाखरांशी बोलायची.

दोन हजार सातच्या गणपतीत एक पाखरू मागे राहिलं होतं. बाकीची निघून गेली होती. हिमानी रोज त्याला म्हणायची, "खा पोटभर, मग नीघ." नेमकं तेव्हाच यतीनच्या डोक्यात खूळ शिरलं. इंटरनेटवर काहीबाही वाचून त्याने घरातली साखर हद्दपार केली.

"गूळ नॅचरल आहे यार," तो म्हणाला. "भरपूर आयर्न असतं. आपल्याकडे लांबून आलेल्याला गूळपाणीच देतात ना?"

"अरे, आजी नको म्हणाल्या होत्या. पाखराला पचेल का ते?"

"आजींना काय माहीत गूळ!" असं म्हणून त्याने स्वतःच्या हाताने मला भरलं.

दर्शनाला आलेल्या मंडळींनी त्याची पाठ थोपटली. त्यांतल्या रेखाकाकूंनी माझा फोटो काढला. "वा, पाखरांनाही ऑरगॅनिक!" जन्मात एवढं कौतुक पहिल्यांदा झालं, आणि तेव्हा माझ्या फुलांना आंबूस वास सुटला होता. पाखरू प्यायचं आणि पिसं फुगवून मरगळून बसायचं. एका सकाळी ते घरामागच्या लाकडी डेकवर मरून पडलेलं हिमानीला दिसलं. डोरिस आजींनी मला हुंगलं, आत काय होतं ते विचारलं, आणि म्हणाल्या की गुळातलं लोह त्या जिवाला झेपत नाही.

हिमानीने यतीनला हे सांगितलं तर तो म्हणाला, "एका बर्डवरून काय कन्क्लूड करतेस? सॅम्पल साइज काय?"

विसर्जनाला मंडळी पुन्हा जमली. रेखाकाकूंनी विचारलं, "काय रे यतीन, तुझं हमिंगबर्ड दिसत नाही?"

"गेलं साउथला. गूळ पिऊन एकदम चार्ज!"

सगळे हसले. हिमानीने हातातलं मोदकांचं ताट खाली ठेवलं.

"ते कुठेही गेलेलं नाही, काकू. डेकखाली पुरलंय मी. आमच्या गुळाने मेलं. मी नको म्हणाले होते."

पाहुणे गेल्यावर यतीनने मला हिसकून काढलं आणि गॅरेजमध्ये नेऊन टाकलं. "ही बाटलीच नको घरात!" नाचता येईना अंगण वाकडं. गूळ मी का माझ्यात ओतून घेतला होता?

मित्रांनो, मला कोणी धुवावं, पुन्हा टांगावं, असं आता वाटत नाही. माझं मन कडू झालं आहे. विनवणी एवढीच, की मुक्या जिवाला काही भरवण्याआधी त्याला काय झेपतं ते विचारून घ्या. आणि जवळचं माणूस 'नको' म्हणालं, तर तिथेच हात आवरा. त्या पाखराच्या वतीने बोलणारी घरात एकटी हिमानी होती, आणि तिचं कोणी ऐकलं नाही.