बिजलीच्या छातीवरचा साज

मी एक जुना छातीपट्टा आहे, टांग्याच्या घोडीचा. मित्रांनो, टांगा घोडी पायांनी ओढते असं तुम्हाला वाटत असेल. पण खरा जोर लागतो तो छातीचा. तो जोर सोसायला आम्ही असतो. वरून कातडं, आतून कापसाची गादी. बऱ्हाणपुरात चुडामण मोच्यानं मला शिवलं आणि आत जसोंडी गावचा मऊ कापूस ठासून भरला.

माझा मालक देवराम टांगेवाला. त्याची घोडी बिजली म्हणजे त्याचा जीव की प्राण. लालबागच्या स्टेशनावरून शनवारा वेशीपर्यंत आम्ही सवाऱ्या नेत असू. टांगा थांबला की देवराम मला सैल करी, आतून बोटं फिरवी, खडा-काडी असली तर काढून टाकी. बिजलीच्या छातीवर कधी ओरखडा नव्हता. "घोडी ठेवावी त देवरामनं!" असं लोक म्हणत, तेव्हा मीसुद्धा मनातल्या मनात फुगून जाई.

मग छप्पन साली नवा मध्यप्रदेश झाला. गावात मिरवणूक निघायची होती आणि सगळ्यांत पुढं देवरामचा टांगा! त्याची बायको सोजरबाई हरखून गेली. तिनं जाड सुतानं माझ्यावर आरसे आणि कवड्या घट्ट शिवल्या. काय दिसत होतो म्हणून सांगू! पण प्रत्येक टाक्याची गाठ आतल्या गादीवर आली होती, वाळल्या हरभऱ्यासारखी टणक. ती बिचारी हौसेनं शिवत होती, तिच्या ध्यानात कसं यावं?

सोजरबाईनं बिजलीला ओवाळलं आणि स्वतःच्या हातानं मला तिच्या छातीवर चढवलं. त्या घरची रीत अशी की, ओवाळून चढवलेला साज घरी येऊन पुन्हा ओवाळल्याशिवाय उतरवायचा नाही.

मिरवणूक तापीकाठच्या राजघाटाच्या वाटेला लागली आणि बिजली अडली, मान झटकू लागली. देवरामचा जीव खालीवर झाला.

"पट्टा सोडून पायतो जरा," तो म्हणाला.

मागं बसलेली सोजरबाई घाबरली. "अवो, असं नका करू! वाटेत साज उतरवला त अपशकुन व्हतो. बाजाले बिचकली असंन ती."

देवरामनं बकलाकडे नेलेला हात मागं घेतला. "चाल माय, थोडंसंच राह्यलं," असं म्हणून त्यानं तिला चुचकारलं.

आणि बिजली चालली. गुणाची होती ना, तेच तिला भोवलं. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती! वाजंत्री वाजत होती, फुलं पडत होती आणि माझी गादी आतून ओली होत होती.

घरी ओवाळून मला उतरवलं, तेव्हा तिचं कातडं माझ्याबरोबर सोलून आलं. "काय केलं वो मी हे!" सोजरबाईच्या हातातलं ताट खाली पडलं. हळद लावून झाली, ढोरांचा डॉक्टर झाला. जखम चिघळतच गेली. बिजलीनं चारा सोडला.

एका सकाळी देवराम मला जाळून टाकायला घेऊन निघाला. बिजलीनं मला पाहिलं. तिला वाटलं, कामाची वेळ झाली. ती थरथरत उठली आणि तीच फाटलेली छाती पुढं करून उभी राहिली. "नको वो माय, नको," म्हणत देवराम तिच्या गळ्यात पडला. त्याच दिवशी ती गेली.

मला जाळायचं राहूनच गेलं. आता मी रिकाम्या तबेल्यात खुंटीवर लोंबतो, माझा कापूस उंदीर नेतात. त्याचं मला काही वाटत नाही. मित्रांनो, मुक्या जिवाला हौसेनं सजवा, ओवाळा. पण तो अडला तर रीत बाजूला ठेवा आणि आधी साज सोडून बघा. तो पुन्हा चालू लागला म्हणून त्याला काही दुखत नाही, असं समजू नका.