सगळेच कोनीली

मुलांनो, डोळे मिटा आणि एक बेट मनात आणा. आयर्लंडच्या पश्चिमेचं, इतकं उघडं की वाऱ्याने एकही झाड उभं राहू दिलेलं नाही. तिथे धक्क्यावर जाळी ठेवायची एक खोपी आहे. होड्यांच्या शर्यतींपुरतं, दोन दिवसांसाठी, त्या खोपीत बेटाचं स्वतःचं रेडिओ केंद्र उभं राहिलं होतं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लोकरीची पोती टांगली होती. आत मेंढ्यांचा असा वास, की बोलणाऱ्याने आधी शिंकून घ्यावं!

खांबावर चढून तार बांधली होती नोरीन मावशीने, आणि पोती शिवली होती तिच्या भाचीने, सॉरखाने. शर्यतीचं वर्णन दोघी मिळून करणार होत्या, बेटाच्या भाषेत, आयरिशमध्ये.

बायकांच्या शर्यतीत सॉरखाची आई ऊना वल्हवणार होती. टेकडीपलीकडे पाय मोडलेले आजोबा उशाशी रेडिओ घेऊन पडले होते. त्यांच्या खिडकीतून समुद्र दिसत नसे.

"माझी लेक कुठवर आली ते तू सांगायचंस हं," त्यांनी सॉरखाला बजावलं होतं.

पण सकाळच्या बोटीने शर्यतींच्या समितीचे अध्यक्ष टूहीसाहेब आले, शहरातला एक निवेदक घेऊन.

"पाहुणे बाहेरचे आहेत. सगळं इंग्रजीत होईल," ते म्हणाले. "तुमच्या भाषेत संध्याकाळी गाणी म्हणा की."

"म्हणजे आम्ही गायचं तेवढं?" मावशी फणकारली. पण केंद्राचा परवाना समितीच्या नावावर होता.

शर्यत सुटली. निवेदक बिचारा जीव तोडून ओरडू लागला, "कोनीली पुढे! मागून कोनीली! आणि आता कोनीलीला गाठतेय... कोनीली!"

बेटावर सगळेच कोनीली. आडनाव तिथे पाकिटावर लिहायचं, हाक मारायची ती बापआजाच्या नावाने. शहरातल्या माणसाला हे कोण सांगणार?

फोन खणखणला. म्हातारा बार्टली होता. "नोरीन, पुढे आहे तरी कोण?"

"कोनीली म्हणतात."

"अगं, ते मलाही कळतं! माझ्या कुत्र्याचंसुद्धा तेच आडनाव आहे!"

सॉरखा खिडकीशी उभी होती. आईची काळी होडी तिसरी होती आणि वळणाची खूण म्हणून पाण्यात तरंगत ठेवलेल्या पिंपाजवळ पोचत होती. टेकडीपलीकडे मात्र नुसतं कोनीली, कोनीली. ती मासळीच्या खोक्यावर चढली आणि तिने मायक्रोफोन स्वतःकडे ओढला.

"पोरी, सोड तो!" टूहीसाहेबांनी बटणावर बोट ठेवलं. "केंद्र बंद करीन."

"करा. मग तुमच्या पाहुण्यांनाही काही ऐकू येणार नाही."

निवेदकाने खुर्ची हळूच मागे घेतली. सॉरखा आयरिशमध्ये बोलू लागली, "टॉमच्या कॉलमची ब्रीज पुढे आहे. तिच्या मागे शॉनच्या पीटरची नोरा..."

"आणखी एक शब्द बोललीस तर बघ!"

सॉरखाने त्यांच्या बोटाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ती म्हणाली,

"आजोबा, ऐका! मिहालच्या पाद्रिकची ऊना, म्हणजे तुमची ऊना, पिंपाला वळसा घालून दुसरी आलीय!"